पेपरातलं तळघर

मुंबईला जाणारी आरामगाडी सांगलीच्या स्टँडसमोर उभी होती आणि मला निरोप द्यायला आमच्या पेपरचं निम्मं ऑफिस आलं होतं. दोन हजार तीनचा जानेवारी. संजयने बॅगा गाडीच्या पोटात ढकलल्या होत्या आणि तो पुन्हापुन्हा पासपोर्ट चाचपत होता. आमच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. त्याला कॅनडातल्या ग्वेल्फ नावाच्या गावी, विद्यापीठात, चीज आणि दह्यावर संशोधन करायची नोकरी लागली होती. "दही लावायला एवढ्या लांब?" असं आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारून घेतलं होतं.

मी जिल्ह्याच्या एका दैनिकात खेळाचं पान बघत असे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, शाळांच्या स्पर्धा. माझे वडील, अप्पा, पी. टी.चे शिक्षक आणि कबड्डीचे पंच, त्यामुळे माझं बालपण मैदानाच्या फक्कीत गेलेलं. गाडी सुरू झाली तेव्हा आई खिडकीशी आली. "पोचलीस की फोन कर. आणि तिथलं जे असेल ते खरं सांग गं. पेपरात येतं तसं नको." ऑफिसातली सगळी मंडळी हसली. आमच्या संपादकांनाही हसावंच लागलं. अप्पा मात्र गंभीर होते. गाडीबरोबर चार पावलं चालत ते म्हणाले, "तिथे गेल्यावर आधी मैदान शोध. मैदान सापडलं की माणसं सापडतात."

ग्वेल्फमध्ये जानेवारीत मैदान शोधणं म्हणजे काय, हे अप्पांना कसं कळणार. सगळं गावच पांढरं. रस्ता कुठे संपतो आणि अंगण कुठे सुरू होतं ते ओळखू येत नव्हतं. आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. सकाळी संजय लॅबला गेला की मी खिडकीतून समोरच्या म्हाताऱ्याला ड्राइव्हवे शोव्हल करताना, म्हणजे फावड्याने बर्फ उपसताना, बघत बसे. मी तिथल्या पेपरांत अप्लाय केलं. उत्तरं नम्र होती आणि नकारार्थी होती, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. माझं इंग्रजी तेव्हा वाचण्यापुरतं चांगलं होतं. शेवटी एका ग्रोसरी स्टोअरमध्ये ब्रेडच्या काउंटरवर काम मिळालं. खरं सांगायचं तर ते काम मला आवडायचं. सकाळी सकाळी गरम पावाचा वास, आणि रोज तीच माणसं. कुणाला कुठला ब्रेड जाड कापून हवा ते मला महिन्याभरात पाठ झालं.

मेमध्ये एका संध्याकाळी कामावरून चालत येताना पार्कच्या बाजूने टक् असा आवाज आला आणि पाठोपाठ माणसांचा ओरडा. हा ओरडा जगात कुठेही ओळखू येतो. मी वळले. टेकडीच्या उतारावर लोक चादरी टाकून बसले होते, लाकडी बाकांवर आजीआजोबा होते आणि खाली हिरव्यागार मैदानावर पांढऱ्या कपड्यातली माणसं बेसबॉल खेळत होती. मला एक अक्षर कळलं नाही. पण कडेला फक्कीच्या रेघा होत्या. मी तिथेच बसले. संजय मला शोधत आला तेव्हा माझ्या हातात कुणीतरी दिलेला हॉट डॉगचा नुसता पाव होता आणि शेजारच्या बाई मला बाद कसं होतं ते समजावत होत्या.

खेळ मला नीट शिकवला तो सबनीस काकांनी. काका लंडनचे, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनचे. साठच्या दशकाच्या शेवटी डॉक्टर म्हणून आले आणि आता निवृत्त झालेले. "त्या काळात रस्त्यात साडी दिसली की आम्ही गाडी थांबवून नाव विचारायचो," असं ते सांगत. टोरोंटोच्या मराठी मंडळाच्या सहलीत त्यांनी कागदी ताटलीवर वड्या मांडून मला बेस दाखवले, आणि मला कळलं की ही वडी घर, इथून निघायचं आणि चारी वड्यांना शिवून इथेच परत यायचं. काका लंडनच्या संघाचे कट्टर. मी ग्वेल्फची झाले हे कळल्यावर त्यांनी वडी परत मागून घेतली.

ग्वेल्फचा संघ स्वतंत्र लीगमधला. म्हणजे टीव्हीवर दिसतात त्या मोठ्या क्लबांपैकी कुणाचाच हात त्याच्या डोक्यावर नव्हता. काही खेळाडू गावातलेच, दिवसा शाळेत शिकवणारे किंवा कुरिअरची व्हॅन चालवणारे. काही उन्हाळ्यापुरते अमेरिकेतून आलेले, कधीकाळी मोठ्या क्लबाच्या खालच्या संघात असलेले आणि तिथून सुटलेले. मी या लीगबद्दल लायब्ररीत मिळेल ते वाचायला लागले, जुनी सवय. पेपरांत आणि मासिकांत त्यांच्याबद्दल दोनच प्रकारचं लिहिलेलं असे. एक रडगाणं: लांबलचक बसप्रवास, स्वस्त मोटेल, मोडलेली स्वप्नं, पावसात शेवटचा दिवा. दुसरा तमाशा: मैदानात डुकरांची शर्यत, होम प्लेटवर, म्हणजे त्या घरच्या वडीवर, लग्न, अस्वलाच्या वेशातला माणूस. वाचताना मला आमच्याबद्दल सांगलीच्या पेपरांत यायचं ते आठवे. परदेशी गेलेला मराठी माणूस तिथेही दोनच प्रकारचा असतो. एकतर तो बर्फात एकटा बसून डोळे पुसत असतो, नाहीतर मोठ्या गाडीला टेकून फोटो काढत असतो. ब्रेड कापताना गुणगुणणारी बाई दोन्हीत बसत नाही.

गावात एक साप्ताहिक निघे. त्याची संपादक जोन, साठीची, आवाज घोगरा, केस आखूड. मी धीर करून तिला एका सामन्याचा वृत्तांत नेऊन दिला. तिने लाल पेनने जवळजवळ सगळा खोडला आणि उरलेला छापला. पुढच्या आठवड्यात थोडा कमी खोडला. असं करत करत तीन-चार वर्षांत मी ब्रेडही विकत होते आणि सामन्यांच्या चार चार ओळीही लिहीत होते. मधल्या काळात रेवाचा जन्म झाला आणि आम्ही बेसमेंट असलेलं एक छोटं घर घेतलं.

दोन हजार आठच्या वसंतात संघाने बाहेरून येणाऱ्या खेळाडूंना उन्हाळ्यापुरतं घरी ठेवून घेणारी कुटुंबं शोधायला सुरुवात केली. मी संजयला विचारलं. तो बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिला. "तो काय काय खाईल?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, "दही नक्की खाईल."

असा आमच्याकडे कोडी आला. ओक्लाहोमाचा, तिशी ओलांडलेला, दारातून वाकून येणारा, पाठीवर एवढी मोठी बॅग की रेवा तिच्यात मावली असती. तो कॅचर होता, म्हणजे होम प्लेटच्या मागे उकिडवं बसून, तोंडाला जाळी बांधून, समोरून येणारा चेंडू पकडणारा. त्याच उन्हाळ्यात अप्पा आमच्याकडे राहायला आले होते. वहिनीला बाळ झालं होतं म्हणून आई सांगलीतच थांबली होती. मी ओळख करून दिली. अप्पांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला म्हणाले, "एकच तर आहे. मग कोडी कशाला? कोडं म्हण की." मी त्याला अर्थ समजावून सांगितला. तो खदखदून हसला आणि म्हणाला, "माझी आई पण तेच म्हणते." त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव कोडं पडलं. तो अप्पांना कोच म्हणायचा.

अप्पांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण ओक्लाहोमाचं इंग्रजी येत नव्हतं. त्याने काही अडलं नाही. पहिल्या सामन्यात कोडीला प्लेटमागे बसलेला बघून ते थक्क झाले. "अगं, हा माणूस उकिडवा बसून पोट भरतोय. अमेरिकेत हे जमतं लोकांना?" घरी आल्यावर त्यांनी कोडीच्या गुडघ्यांची परीक्षा केली, नापसंतीने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिळाचं तेल कोमट करून मालीश सुरू झालं. कोडी मागच्या लाकडी डेकवर पाय पसरून बसे, अप्पा मराठीत त्याच्या पूर्वीच्या सगळ्या प्रशिक्षकांचा उद्धार करत आणि रेवा दोघांच्या मध्ये बसून इंग्रजीत सांगे, "आबा सेज युअर नी इज व्हेरी सॅड." खेळाचा उलगडाही अप्पांनी स्वतःच करून घेतला. "आपल्या चढाईसारखंच हे. बाहेर जाऊन पराक्रम केला त्याला किंमत नाही. परत यायला मिळालं तरच गुण."

जुलैमध्ये टोरोंटोच्या एका मोठ्या पेपरच्या वार्ताहर बाईंचा संघाला फोन आला. स्वतंत्र लीगमधलं जीवन या विषयावर त्यांना पानभर फीचर करायचं होतं. संघाने कोडीचं नाव सुचवलं. मला फार आनंद झाला. मोठ्या पेपरचा माणूस घरी येणार म्हणून मी साबुदाणे भिजवले, पडदे धुतले. बाई आल्या त्या चांगल्याच निघाल्या. बोलायला गोड, वडे आवडीने खाल्ले, सकाळपासून सामना संपेपर्यंत आमच्याबरोबर राहिल्या. बरोबर एक फोटोग्राफर होता. त्याने आमचं मागचं अंगण, टोमॅटोची रोपं, डेक, मालीश यातलं काही काढलं नाही. त्याने कोडीला तो राहत असे त्या बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी उभं केलं आणि दिवा मालवायला सांगितलं.

त्या बाईंनी कोडीला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला.

"अवघड जात नाही का हे सगळं?"

"कधी कधी जातं," कोडी म्हणाला.

"वर जायची आशा आता किती वाटते?"

"तशी नाही वाटत."

"मग रात्री झोपताना काय विचार येतात?"

कोडी हसत म्हणाला, "मी लगेच झोपतो, मॅम. कोचने गुडघ्यांना तेल लावलेलं असतं."

मी शेजारी वडे तळत होते. खेळाच्या पानावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. बाईंच्या मनात लेख आधीच लिहून तयार होता, आता फक्त नावं भरायची होती. तरी मी गप्प बसले. म्हटलं, दिवसभर आपल्यात राहिल्यात, दिसेल त्यांना.

शनिवारी पेपर आला. मथळ्याचा अर्थ होता, तळघरातलं शेवटचं स्वप्न. अंधारात फर्नेसशेजारी उभा असलेला कोडी, चेहऱ्याची एकच बाजू उजळलेली. खाली लिहिलं होतं की तो एका स्थलांतरित कुटुंबाच्या तळघरात राहतो, वर अनोळखी मसाल्यांचा वास दरवळत असतो, ज्याच्याशी त्याला बोलता येत नाही असा एक वृद्ध परदेशी त्याचे दुखरे गुडघे चोळतो, आणि यजमानीण, जी एकेकाळी आपल्या देशात पत्रकार होती, आता ब्रेडच्या काउंटरवर उभी असते. लेखात लिहिलं होतं की या घरात सगळेच थोडे उशिरा पोचले आहेत.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. हीच तर अडचण होती. मी खरोखरच ब्रेडच्या काउंटरवर उभी राहत होते. गुडघे खरोखरच दुखत होते. खोटं असतं तर पत्र लिहून दुरुस्ती मागता आली असती.

अप्पांनी मला सगळं मराठीत वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर ते चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "ती बाई दिवसभर इथे होती ना?"

"हो."

"त्या दिवशी आपण किती हसलो. रेवाने त्या फोटोवाल्याची टोपी पळवली, कोड्याला पहिल्यांदा मिरची लागली. यात कुणी हसलंच नाही का?"

मी म्हटलं, "नाही, अप्पा. यात कुणीच हसलं नाही."

दुपारी ओक्लाहोमाहून कोडीच्या आईचा फोन आला. तिला कुणीतरी लेखाची लिंक पाठवली होती. कोडी फोन घेऊन अंगणात गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. "ती रडत होती," तो म्हणाला. "अंधाऱ्या तळघरात राहतोस हे मला सांगितलं का नाहीस म्हणते. दाजींच्या छपरांच्या धंद्यात जागा आहे, रविवारचा सामना खेळून घरी ये, म्हणते."

"मग?" संजयने विचारलं.

"मी लेख सहन करू शकतो. आईला रडताना ऐकू शकत नाही. जाईन म्हणालो."

संध्याकाळी तो सामान आवरायला खाली गेला. अप्पा जिन्याच्या तोंडाशी तेलाची वाटी घेऊन उभे होते. त्यांना खाली जावं की नाही ते समजत नव्हतं. मी जोनला फोन लावला. तिनेही लेख वाचला होता.

मी म्हटलं, "जोन, मला अर्धं पान हवंय."

"कशासाठी? उत्तर द्यायला? उत्तरं मी छापत नाही, कुणी वाचत नाही ती."

"उत्तर नाही. तोच दिवस. मी पण तिथेच होते."

ती म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत दे. आणि आधी त्या पोराला नीट प्रश्न विचार. तुझ्या घरात राहतो म्हणून तू त्याला अजून काहीच विचारलं नसशील."

खरंच विचारलं नव्हतं. मी कोडीला वर बोलावलं. डेकवर अजून उजेड होता. अप्पांनी न विचारता त्याचा गुडघा मांडीवर घेतला आणि मी पाच वर्षांनी पुन्हा मुलाखत घ्यायला पेन काढून बसले. मी त्याला विचारलं की तू हे का खेळतोस.

तो म्हणाला, "कारण मला हे चांगलं येतं. वीस वर्षांचा एखादा पिचर घाबरलेला असतो, चेंडू कुठेही टाकत असतो. मी उठून त्याच्यापाशी जातो, काहीतरी फालतू बोलतो, तो हसतो, आणि पुढचा चेंडू माझ्या ग्लव्हमध्ये येतो. ते मला जमतं. गावातले लोक माझं नाव घेऊन ओरडतात. ग्रोसरीत भेटले तर सांगतात, काल छान पकडलास. आणखी काय असतं मोठ्या लीगमध्ये? लोकांना वाटतं मी कशाची तरी वाट बघतोय. मी वाट बघत नाहीये, मीनल. मी खेळतोय."

माझं पेन थांबलं. सांगलीहून दर रविवारी फोन येई आणि कुणी ना कुणी विचारे, करमतं का गं तिथे, कधी येणार परत. मी काहीबाही उत्तर देई. नीट उत्तर मला आता ऐकायला मिळालं होतं, आणि तेही ओक्लाहोमाच्या इंग्रजीत.

मी लेख लिहिला. मोठे शब्द मला इंग्रजीत येत नव्हते ते बरंच झालं. बेसमेंटचं लिहिलं, पण तिथे तीन खिडक्या आहेत आणि एका खिडकीत बसून कोडी रेवाला चेंडूची शिवण दाखवतो, हेही लिहिलं. मसाल्याचा वास लिहिला आणि तो कांदा परतल्याचा होता हे लिहिलं. ब्रेडचा काउंटर लिहिला आणि तिथे लोक आधी स्कोअर विचारतात, मग ब्रेड, हे लिहिलं. टोपी, मिरची, भेंडी, मालीश, सगळं घेतलं. पाऊस आला तेव्हा खेळाडूंनी मैदानावर ताडपत्री ओढली आणि गावातली पोरं तिच्यावरून घसरत गेली, तेही त्याच दिवशी घडलं होतं. मोठ्या पेपरवर मी एक अक्षर लिहिलं नाही. कोडीचं शेवटचं वाक्य शेवटी ठेवलं. जोनने लाल पेन उचललं, वाचलं, आणि एक स्वल्पविराम हलवून पेन ठेवून दिलं.

रविवारी सामना होता. कोडी खेळला. निघणं त्याने गुरुवारवर ढकललं, कारण त्याला लेख छापलेला बघायचा होता. गुरुवारी साप्ताहिक आलं. संजयने लॅबमधल्या स्कॅनरवर ते पान स्कॅन करून कोडीच्या आईला पाठवलं. आम्ही सगळे उगाचच स्वयंपाकघरात घुटमळत होतो. फोन वाजला तेव्हा तिने आधी मलाच मागितलं. तिचं नाव डोना.

"त्या खिडक्या खऱ्या आहेत?" तिने विचारलं.

"तीन आहेत. दोन पूर्वेकडे."

"आणि तो खरंच भेंडी खातो? माझ्याकडे त्याने आयुष्यात खाल्ली नाही."

"कुरकुरीत केली तर खातो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, पण तो रडण्याचा नव्हता. "मला येऊन बघायचंय," ती म्हणाली. "तोपर्यंत त्याला सामान आवरू देऊ नका."

मी फोन कोडीला दिला आणि बाहेर आले. अप्पांनी भुवया उंचावून विचारलं. मी म्हटलं, "राहतोय." त्यांनी तेलाची वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली.

पुढच्या आठवड्यात टोरोंटोच्या त्या बाईंचाही फोन आला. त्यांनी माझा लेख वाचला होता. आवाजात जरा संकोच होता. "मला वाटलं, मी सहानुभूतीने लिहिलं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो. फारच सहानुभूतीने."

दोघीही हसलो. पुढच्या उन्हाळ्यात त्या वही न घेता, फोटोग्राफर न घेता, आपल्या मुलांना घेऊन सामना बघायला आल्या. आता दर वर्षी एकदा येतात.

ऑगस्टच्या शेवटी डोना आली. उंच, सडपातळ, पायात बूट थेट घोडेवाल्यांचे. आल्या आल्या ती बेसमेंटमध्ये गेली, तिन्ही खिडक्या उघडून बघितल्या, आणि वर येऊन मला मिठी मारली. रविवारच्या दुपारी लंडनशी सामना होता. सबनीस काका पांढऱ्या शुभ्र केसांवर लंडनची टोपी घालून शत्रुपक्षाच्या बाजूला बसले होते आणि मधूनच आमच्याकडे येऊन माझा चिवडा खात होते. अप्पा आणि डोना शेजारी शेजारी. ती इंग्रजीत बोले, ते मराठीत बोलत. दोघांचाही विषय कोडीचे गुडघे हाच असल्यामुळे संभाषण सुरळीत चाललं होतं.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. लंडनचा एक धिप्पाड खेळाडू तिसऱ्या बेसवरून घराकडे सुटला. चेंडू दुरून, उजव्या कोपऱ्यातून येत होता. कोडी प्लेटसमोर उभा राहिला, हात पसरून, गुडघे वाकवून, आणि मी शपथेवर सांगते, ती उभं राहण्याची पद्धत माझ्या ओळखीची होती. कबड्डीतली ती पद्धत अप्पांनीच त्याला डेकवर शिकवली होती. अप्पा ताडकन उठले आणि पंचवीस वर्षं मैदानं गाजवलेल्या आवाजात ओरडले, "पकड त्याला, कोड्या, पकड." डोनाही उठली आणि तिला जमेल तसं "पाकड, पाकड" ओरडायला लागली. मागच्या ओळीने ते उचललं. चेंडू ग्लव्हमध्ये आला, तो धिप्पाड माणूस कोडीवर आदळला, दोघे धुळीत लोळले, आणि धूळ खाली बसली तेव्हा कोडीचा हात वर होता आणि चेंडू हातात होता. पंचाने मूठ हवेत मारली. बाद.

सबनीस काका टोपी काढून म्हणाले, "हा बेसबॉल नाही. ही सरळसरळ कबड्डी आहे. मी तक्रार करणार."

तो सामना आम्ही जिंकला, पण त्यापुढचे हरलो. मालिका लंडनने जिंकली. ती बातमीही मीच लिहिली, पण त्या रविवारचा आनंद कुणी परत मागितला नाही. डोना जाताना अप्पांकडून तेलाची बाटली घेऊन गेली. पुढच्या वसंतात कोडी परत आला, आणि त्याच्या पुढच्याही. मग गुडघ्यांनी अप्पांचंही ऐकेनासं केलं तेव्हा संघाने त्याला पिचर पोरांचा प्रशिक्षक केलं. लंडनच्या हॉस्पिटलमधली एक नर्स त्याला आवडली होती, तिच्याशी त्याने लग्न केलं. सबनीस काका म्हणतात की हा लंडनचा खरा विजय. जोनने मला साप्ताहिकात पूर्ण वेळ घेतलं. ब्रेडचा काउंटर सोडताना मला रडू आलं हे मात्र कुठल्याही पेपरात आलं नाही.

तुम्ही जे सांगलीतच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखेच कुठेकुठे जाऊन पडलात, त्या सगळ्यांना हे सांगायचं कारण गेल्या गणपतीत घडलं. आता दोन हजार बारा चालू आहे. कितीतरी वर्षांनी मी गणपतीला सांगलीत होते. सकाळची वेळ, वहिनी आणि मी स्वयंपाकघरात, दोघींचे हात उकडीने माखलेले. ग्वेल्फमध्ये आदली संध्याकाळ. लीगचा शेवटचा सामना चालू होता आणि माझं लक्ष मोदकांच्या कळ्यांकडे नव्हतं. फोन वाजला. मी कोपराने बटण दाबलं. पलीकडे संजय होता. त्याच्या मागे तो ओरडा होता, जगात कुठेही ओळखू येणारा, आणि त्या गोंधळात रेवा मला इंग्रजीत काहीतरी भराभर सांगत होती. मला फक्त कोडीचं नाव ऐकू आलं आणि ते पुरेसं होतं.

मी फोन ठेवला आणि उकडीच्या हातांनीच डोळे पुसले. वहिनीने घाबरून विचारलं, "काय गं, काय झालं?"

"आमचे जिंकले."

"आमचे म्हणजे कोण?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. बाहेरच्या खोलीत अप्पा टीव्हीवर राज्य कबड्डीची बातमी बघत होते. तिथेही सांगलीचाच संघ होता, आणि मघाशी चहा पिताना मी त्यांना विचारलं होतं, आमचे कसे खेळतायत? तोच शब्द. माझ्या तोंडून तो दोन्ही वेळा तसाच निघाला होता, आणि एकदाही खोटा नव्हता.

वहिनी अजून माझ्या तोंडाकडे बघत होती. "सांग की," ती म्हणाली. तिने गॅस बारीक केला आणि माझ्यासाठी पाट पुढे सरकवला.

"बस," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."